नेव्ही किनार आणि 'रन' हा शब्द : सोलापूरच्या एका टॉवेल ऑर्डरचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेल विणणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हे प्रकरण घडले. कारखाना, खरेदीदार आणि संबंधित माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील गाळले आहेत; घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. व्यापारी पत्रव्यवहार तपासून देणे हे माझे काम असल्यामुळे तक्रार आल्यानंतर संपूर्ण फाइल माझ्याकडे आली आणि पुढच्या टप्प्यांत मी सल्लागार म्हणून सहभागी होतो.

सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापुरी टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि या दोन्ही मालांची एक जुनी रीत समान आहे: सूत आधी रंगवून घ्यायचे आणि मग विणायचे. या कारखान्यातही तीच रीत चालते. स्वतःचा रंगाई विभाग नसल्यामुळे सूत बाहेरच्या रंगाई कारखान्यात जाते, रंगून परत येते, आणि विणून झाल्यावर माल शिलाई, तपासणी व पॅकिंगकडे जातो. रंग पक्का आहे की कच्चा, हे सुताच्या टप्प्यावरच ठरून गेलेले असते. विणल्यानंतर ते सुधारायला फारसा वाव उरत नाही. पुढचे सगळे समजून घेण्यासाठी एवढी गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

मालकांच्या घरात तेलुगू बोलली जाते, मागांच्या शेडमध्ये तेलुगू आणि मराठी, काही कामगारांत कन्नड, सुताच्या व्यापाऱ्यांशी हिंदी आणि परदेशी खरेदीदारांशी इंग्रजी. शहराच्या पूर्व भागात यात कोणाला काही विशेष वाटत नाही. परदेशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या मॅडम मराठी माध्यमातून शिकलेल्या वाणिज्य पदवीधर आहेत आणि इंग्रजी ईमेलचा त्यांना चांगला सराव आहे. हे मुद्दाम नोंदवतो, कारण घडला प्रकार इंग्रजी कच्चे असल्यामुळे घडला, असा पहिला निष्कर्ष कारखान्यातल्या जवळजवळ सर्वांनी काढला होता, आणि तो पुराव्याला धरून नव्हता.

ऑर्डर आणि ते वाक्य

खरेदीदार ही युरोपातील हॉटेलांना टॉवेल व चादरी पुरवणारी कंपनी होती. तिच्या वतीने लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्यामुळे हा व्यवहार दोन्ही बाजूंनी उसन्या भाषेत चालला होता. ऑर्डरमध्ये दोन प्रकार होते: दोन्ही टोकांना नेव्ही, म्हणजे गडद निळी, किनार असलेले पांढरे बाथ टॉवेल आणि संपूर्ण नेव्ही रंगाचे हँड टॉवेल. माल दोन खेपांत न्हावा शेवा बंदरातून जायचा होता.

ऑर्डरच्या शेवटी शेऱ्यांचा रकाना होता. त्यात शिलाई, लेबल आणि पॅकिंगच्या सूचनांमध्ये एक ओळ अशी होती: "नेव्ही मस्ट नॉट रन विथ द व्हाइट." धुताना नेव्ही रंग सुटून पांढऱ्याला लागता कामा नये, असे खरेदीदाराला म्हणायचे होते. नेव्ही आणि पांढरा माल मागांवर एकत्र चालवू नये, असे कारखान्याने समजून घेतले.

दुसरा अर्थ इतका सहज का पटला

बाहेरच्या माणसाला हा गोंधळ विनोदी वाटेल, पण टेरी टॉवेलच्या शेडमध्ये उभे राहिले की कारखान्याचा अर्थ किती स्वाभाविक होता हे कळते. टेरीच्या मागावर सुताचा रुवा सतत उडत असतो. मागाच्या चौकटीवर, दिव्यांच्या पट्ट्यांवर आणि कामगारांच्या केसांवर तो बसतो. शेजारच्या मागावर गडद सूत असेल तर त्याचे बारीक तंतू पांढऱ्या टॉवेलच्या फुग्यांत, म्हणजे पृष्ठभागावरच्या सुताच्या वेटोळ्यांत, विणले जातात, आणि तपासणीच्या टेबलावर बायका चिमट्याने एकेक निळा तंतू उपसत बसतात. पांढरा आणि गडद माल शेजारी घेऊ नये, ही खबरदारी जॉबरला, म्हणजे मागांच्या मुकादमाला, कोणी शिकवावी लागत नाही. ती सूचना परदेशी खरेदीदाराने लेखी दिली, याचे शेडमध्ये उलट कौतुकच झाले. हा माणूस माल जाणतो, असे म्हटले गेले.

शिवाय 'रन' हा शब्द या शेडमध्ये रोजचाच आहे. माग 'रनिंगला' घेतला जातो, नव्या डिझाइनची 'ट्रायल रन' होते, कापड 'रनिंग मीटर'वर मोजले जाते. त्या आधी, लहानपणीच, तो क्रिकेटमधून प्रत्येकाच्या तोंडी बसलेला असतो. उलट कापडाचा रंग जातो तेव्हा सोलापुरात कोणीही 'रन' म्हणत नाही. रंग सुटतो, फुटतो, लागतो किंवा उतरतो.

या शब्दाचा पसारा खरोखरच मोठा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. त्याचे चारशेहून अधिक अर्थ तिथे नोंदलेले होते. पुढे त्याच कोशाच्या सुधारणेचे काम 'रन'पर्यंत आले तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ निघाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. माणूस धावतो तेव्हाही 'रन' आणि नदी वाहते तेव्हाही 'रन'. यंत्र, दुकान, सरकार, निवडणुकीतला उमेदवार, कराराची मुदत, अंगातला ताप, पैसे काढायला बँकेवर पडलेली झुंबड, मोज्याची उसवलेली वीण या सगळ्यांना हाच शब्द चालतो. रंग सुटण्याचा अर्थ यांतल्या वाहण्याच्या शाखेवरचा आहे: नाक जसे वाहते तसा ओल्या कापडातला रंग वाहतो. यंत्राचे चालणे ही वेगळी शाखा. मराठीतल्या 'लागणे' या क्रियापदाकडे पाहिले की यात नवल काही राहत नाही. ठेच लागते, भूक लागते, नोकरी लागते, बस लागते, आणि एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो तोही त्याच क्रियापदाने. फरक इतकाच की आपल्या भाषेत योग्य शाखा निवडली गेल्याचे आपल्याला जाणवतही नाही, तर परक्या भाषेत जी फांदी हाताशी असते तीच आपण झाड समजतो.

एक व्याकरणाचा बारकावाही होता. मुरलेल्या इंग्रजी लेखकाने रंगाबद्दल लिहिताना बहुधा 'विथ'ऐवजी 'इंटू' वापरले असते, म्हणजे नेव्हीचे पांढऱ्यात जाणे स्पष्ट झाले असते. 'विथ'मुळे 'सोबत' हा अर्थ पुढे आला, आणि सोबत धावायचे म्हटले की मागच धावणार. या चुकीचा वाटा खरेदीदाराकडे जातो.

पहिला निर्णय : विचारावे की नाही

त्याच रकान्यात 'माइटर्ड कॉर्नर' असा शब्द होता. तो कोणालाच ठाऊक नव्हता. मॅडमनी त्याच दिवशी ईमेल करून विचारले, खरेदीदाराने कोपऱ्याची तिरकी घडी दाखवणारे रेखाचित्र पाठवले, शिलाई विभागाने नमुना करून दाखवला आणि तो विषय संपला. 'रन'बद्दल मात्र प्रश्न गेला नाही, कारण प्रश्न पडलाच नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इथे आहे. अवघड शब्द स्वतःच हात वर करून उभा राहतो; सोपा शब्द एक अर्थ आधीच हातात घेऊन येतो आणि दुसऱ्याची वाट पाहू देत नाही.

किंचित शंकेला एक संधी मिळाली होती. कार्यालयातल्या एका मुलाने ते वाक्य फोनवरच्या भाषांतराच्या सोयीत टाकले. उत्तर आले: "नौदलाने पांढऱ्यासोबत धावू नये." सगळे हसले आणि कामाला लागले. नंतर फाइल वाचताना मला या हसण्याचे वाईट वाटले, कारण यंत्राने निदान एवढे दाखवले होते की त्या वाक्यातले दोन शब्द एकाहून अधिक अर्थांचे आहेत. 'नेव्ही'चा चुकलेला अर्थ इतका ढोबळ होता की त्याच्या आडून 'रन'चा निसटला.

दुसरा निर्णय : चिठ्ठी कोणाला गेली

कारखान्याची पद्धत अशी होती की ऑर्डर आली की मॅडम प्रत्येक विभागासाठी मराठीत एक चिठ्ठी काढत. शेडच्या चिठ्ठीवर लिहिले गेले: "नेव्ही व पांढरा माल वेगळा चालवणे, पार्टीची सक्त सूचना." रंगाई कारखान्याच्या चिठ्ठीवर सुताचा नंबर, वजन, रंगछटा दाखवणाऱ्या शेड कार्डाचा तुकडा आणि तारीख एवढेच होते.

या एका पायरीत वाक्याचा अर्थ कायमचा ठरून गेला. मूळ ओळीत दोन अर्थ जिवंत होते. चिठ्ठीत एकच उरला, आणि तो ज्या माणसांकडे गेला त्यांच्याकडे दुसरा सुचण्याचे कारण नव्हते. रंगाई कारखान्याचा मास्तर मात्र पूर्वी मोठ्या प्रोसेस हाऊसमध्ये काम केलेला होता आणि रंगाच्या संदर्भातला 'रन' त्याला माहीत होता. तक्रारीनंतर मालकांनी त्याला मूळ ओळ दाखवली तेव्हा त्याने ती एकदाच वाचली आणि म्हणाला, "मालक, हे तर आमच्यासाठी लिहिलंय की. रंग सुटू नये म्हणतोय त्यो. आधी दाखवलं असतं तर अजून एक साबण मारला असता बघा."

तिसरा निर्णय : खुलासा, पण त्याच शब्दात

कारखान्याने काहीच कळवले नाही, असे नव्हते. उत्पादनाचे वेळापत्रक पाठवताना मॅडमनी लिहिले होते की नेव्ही आणि पांढरा माल स्वतंत्रपणे 'रन' केला जाईल. खरेदीदाराचे उत्तर दोन शब्दांचे होते: ठीक आहे, धन्यवाद. खरेदीदाराच्या मनात आधीच दुसरा अर्थ पक्का असल्यामुळे हे वाक्य त्याला एक जादा काळजी वाटले असावे, किंवा त्याने ते नीट वाचलेच नसावे. दोन्ही बाजूंनी तोच शब्द एकमेकांकडे परत पाठवला आणि प्रत्येकाला आपलाच अर्थ मान्य झाल्याचे समाधान मिळाले. कागदावर एकमत, प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टींवर.

उत्पादनपूर्व नमुन्यानेही हे उघडे पाडले नाही. खरेदीदाराने नमुन्याची छटा, माप आणि वजन पाहून मंजुरी दिली. नमुना धुऊन पाहिल्याचे कुठेही नमूद नव्हते. कारखान्यात ओला पांढरा रुमाल नेव्ही सुतावर घासून पाहण्याची पद्धत होती. तो रुमाल बऱ्यापैकी स्वच्छ निघाला होता, पण थंड पाण्यात घासणे आणि हॉटेलच्या लाँड्रीत गरम पाण्यात धुणे यांत फार अंतर आहे.

पहिली खेप आणि तक्रार

मालाचे विभाजन करण्यासाठी पांढरे टॉवेल दुसऱ्या शेडमध्ये हलवले, बीम बदलले, मध्ये ताडपत्रीचा पडदा लावला. खर्च वाढला, वेळ गेला, आणि पहिली खेप रुव्याच्या एकाही डागाशिवाय वेळेत बंदरावर पोचली. शेडच्या दृष्टीने ते उत्तम काम होते.

काही आठवड्यांनी छायाचित्रांसह तक्रार आली. पहिल्याच धुण्यानंतर किनारीलगतच्या पांढऱ्या भागावर बोटभर रुंदीची फिकट निळी झाक पसरली होती, जणू शाईच्या दौतीजवळ टीपकागद ठेवला असावा. ईमेलमध्ये खरेदीदाराने लिहिले होते की आम्ही आधीच सूचना दिली असतानाही नेव्ही 'हॅज रन'. या वेळी वाक्यात 'विथ' नव्हते, पांढरा नव्हता, माग असू शकत नव्हता. नेव्ही एकटाच धावला होता. मॅडमनी ते वाचताच फाइल काढून जुनी ओळ पुन्हा पाहिली आणि मालकांना फोन केला.

पर्यायांचा विचार

मालकांचे पहिले म्हणणे भांडण्याचे होते. खुलासा पाठवला होता, त्यांनी तो मान्य केला होता, मग दोष आमचा कसा? हा प्रश्न निरर्थक नव्हता. कंपनीचे वकील म्हणाले की १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्याच अशी आहे की दोन्ही पक्षांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली पाहिजे. त्यांनी इंग्लंडमधील १८६४ चा रॅफल्स विरुद्ध विचेलहाऊस हा खटला सांगितला, जो योगायोगाने कापसाचाच आणि मुंबईचाच आहे. 'पीअरलेस' नावाच्या जहाजाने मुंबईहून येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला होता. त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरमध्ये आणि एक डिसेंबरमध्ये. खरेदीदाराच्या मनात पहिले होते, विक्रेत्याच्या मनात दुसरे. न्यायालयात खरेदीदार जिंकला; डिसेंबरच्या जहाजाचा कापूस त्याच्या गळ्यात बांधता आला नाही.

दुसरा खटला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयातला, १९६० चा. स्विस खरेदीदाराने 'चिकन' मागवले. त्याला भाजण्या-तळण्याजोगी कोवळी कोंबडी हवी होती, विक्रेत्याने शिजवायला वेळ घेणाऱ्या मोठ्या, जून कोंबड्या पाठवल्या. न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांच्यासमोर मुद्दा एवढाच होता की चिकन म्हणजे काय. खरेदीदाराला आपला अरुंद अर्थ सिद्ध करता आला नाही आणि तो हरला. मालकांना हा खटला फार आवडला.

वकिलांनी मात्र लगेच पाणी ओतले. 'रन'चा अर्थ काहीही धरला तरी १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाची आणि उपयुक्ततेची अट परिस्थितीनुसार गृहीत धरली जाते. ती सूचना ऑर्डरमध्ये नसतीच, तरी पहिल्या धुण्यात रंग सोडणारा टॉवेल हॉटेलच्या कामाचा आहे असे सिद्ध करणे कठीण. शिवाय ऑर्डरमध्ये कोणत्या देशाचा कायदा लागू होईल हेही लिहिलेले नव्हते. शब्दाच्या वादात जिंकूनही मालाच्या वादात हार व्हायची शक्यता होती. माझे मतही याच बाजूने पडले, आणि त्यामागे कायद्यापेक्षा एक साधा विचार होता: दुसरी खेप अजून सोलापुरातच गोदामात होती, तिच्यातही तेच सूत होते, आणि भांडणाचा निकाल लागेपर्यंत ती तशीच पडून राहिली असती.

पहिली खेप परत मागवून धुणे हा पर्याय जहाजभाड्याच्या हिशोबातच बाद झाला. सरसकट सवलत देऊन दोन्ही खेपा निकालात काढाव्यात, असे हिशेबनीसांचे म्हणणे होते. पण त्यात दुसऱ्या खेपेचा दोष माहीत असूनही ती पाठवल्यासारखे झाले असते.

केलेली कार्यवाही

आधी दुसरी खेप थांबवली आणि तिच्यातले नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. चाचणी आयएसओ १०५ मालिकेतील सी०६ या पद्धतीने झाली, जी घरगुती व व्यावसायिक धुलाईतील रंगाचा पक्केपणा तपासते. नमुन्याला निरनिराळ्या तंतूंच्या पट्ट्यांचे पांढरे कापड जोडून धुतात आणि मग ग्रे स्केल या राखाडी छटांच्या मोजपट्टीवर दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात: मूळ रंग किती बदलला आणि शेजारच्या पांढऱ्याला किती लागला. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे सर्वांत वाईट. नेव्हीचा स्वतःचा रंग फारसा उतरला नव्हता, त्याला ४ मिळाले. सुती पट्टीवरचा डाग मात्र २-३ होता. म्हणजे रंग बसला होता, पण न बसलेला जादा रंग सुतावर राहिला होता.

कारण रंगाई कारखान्यात सापडले. सुती सुतासाठी वापरला जाणारा रिॲक्टिव्ह रंग तंतूशी रासायनिक बंधाने जोडला जातो, पण त्यातला काही भाग पाण्याशीच प्रक्रिया करून निकामी होतो आणि तंतूवर नुसता चिकटून राहतो. तो उकळत्याच्या जवळपास गरम साबणाच्या पाण्यात काढून टाकावा लागतो. त्यालाच तिथे सोपिंग म्हणतात, बोलीत 'साबण मारणे'. नेव्हीसारख्या गडद छटेत रंगाचे प्रमाण जास्त, म्हणून हा सुटा रंगही जास्त. त्या काळात तिथे बोअरचे जड पाणी वापरात होते, आणि पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम सुटा रंग निघण्याच्या आड येतात. मास्तरने नेहमीचे सोपिंग केले होते. फिकट छटांना ते पुरले असते.

आता तयार टॉवेल धुवायचे ठरले, आणि इथे सर्वांत जास्त भीती होती. गरम पाण्यात नेव्ही किनारीतून निघालेला रंग त्याच भांड्यातल्या पांढऱ्या फुग्यांवर बसला तर ज्या दोषासाठी हे चालले होते तोच दोष कारखान्यातच तयार व्हायचा. म्हणून आधी मोजक्या टॉवेलांवर प्रयोग केला: पाण्याचा जडपणा बांधून ठेवणारे रसायन घातले, पाणी भरपूर ठेवले, भांड्यात माल कमी घेतला आणि मधे न थांबता गरम पाण्यातच पुन्हापुन्हा खंगाळले. शेवटी फिक्सिंगचे रसायन द्यावे की नाही यावर मतभेद झाला. ते दिले तर पाण्यातला पक्केपणा वाढतो, पण उन्हातला कमी होऊ शकतो आणि छटाही किंचित बदलते. हॉटेलचे टॉवेल बहुतेक यंत्रातच वाळतात, हे ध्यानात घेऊन ते हलक्या प्रमाणात दिले.

दरम्यान खरेदीदाराला एक पत्र गेले. त्यात 'रन' हा शब्द एकदाही वापरायचा नाही, असा मी आग्रह धरला. दोष काय, तो कशामुळे, कोणत्या चाचणीत किती अंक आले, दुसऱ्या खेपेवर काय चालले आहे आणि पहिल्या खेपेसाठी काय देता येईल, एवढेच लिहिले. मूळ वाक्याचा गैरसमज कसा झाला हे शेवटच्या परिच्छेदात सांगितले, सवलतीची मागणी म्हणून नव्हे तर माहिती म्हणून. मालकांना तो परिच्छेद सुरुवातीला हवा होता. तसे केले असते तर बाकीचे पत्र सबबीसारखे वाचले गेले असते.

परिणाम

दुसऱ्या खेपेतले बहुतेक टॉवेल पुन्हा केलेल्या चाचणीत ४ वर आले. काहींचा पांढरा भाग निस्तेज झाला. ते सेकंड माल म्हणून स्थानिक बाजारात गेले. पहिल्या खेपेवर सवलत द्यावी लागली, आणि खरेदीदाराने किनारीचे टॉवेल तिकडच्या एका लाँड्रीत गरम पाण्यातून काढून घेतले, ज्याचा खर्च दोन्ही बाजूंनी वाटून घेतला. नेव्ही हँड टॉवेलांबद्दल तक्रारच नव्हती; संपूर्ण निळ्या टॉवेलात निळा रंग सुटला तरी दिसतो कोणाला.

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदाला आलेले उत्तर मला या फाइलमधले सर्वांत उपयोगी पान वाटते. खरेदीदाराच्या अधिकाऱ्याने लिहिले की तुमचा खुलासा मी वाचला होता, पण 'रन सेपरेटली' म्हणजे तुम्ही दोन रंग वेगवेगळे धुऊन पाहणार आहात असे मला वाटले. म्हणजे त्या दोन शब्दांच्या होकारात तिसराच अर्थ होता. पुढची ऑर्डर लहान आली, पण आली, आणि तिच्यात रंगाविषयीच्या सूचनेऐवजी चाचणीची पद्धत व किमान अंक लिहिलेला होता.

काय वेगळे करता आले असते

खरेदीदाराने पहिल्याच ऑर्डरमध्ये चाचणीचा अंक लिहिला असता तर शब्दाचा प्रश्नच आला नसता. व्यापारात मोजता येणारी अपेक्षा शब्दांत सांगणे हे आळसाचे लक्षण आहे, आणि तो आळस तिकडचा होता. नमुना न धुता मंजूर करणेही तिकडचेच.

कारखान्याच्या बाजूने सर्वांत स्वस्त उपाय चिठ्ठीचा होता. मराठी चिठ्ठी काढणे चूक नव्हते, तिच्यावाचून शेड चालणार नाही. पण चिठ्ठीबरोबर शेऱ्यांच्या रकान्याची मूळ प्रत सर्व विभागांना, बाहेरच्या रंगाई कारखान्यासह, गेली असती तर ते वाक्य ज्याच्यासाठी होते त्याच्या हाती पडले असते. आता तशी प्रत जाते. रंगाईचा मास्तर ती वाचून खाली सही करतो आणि काही खटकले तर पेन्सिलीने खूण करतो.

खुलासा करताना मूळ शब्द टाळण्याचा नियमही त्यानंतर आला. 'रन सेपरेटली' याऐवजी "पांढरे टॉवेल वेगळ्या शेडमधल्या मागांवर विणू, म्हणजे निळ्या सुताचे तंतू त्यांत येणार नाहीत" असे लिहिले असते, तर खरेदीदार त्याच दिवशी चमकला असता आणि त्याने आपल्याला काय हवे आहे ते सांगितले असते. असे वाक्य लांब होते, थोडे बाळबोधही वाटते, आणि मॅडमना सुरुवातीला त्याचा संकोच वाटत असे. चिकनच्या खटल्यातल्या विक्रेत्याने खरेदीदाराच्या प्रतिनिधीला विचारले होते की कोणत्या प्रकारचे चिकन हवे. उत्तर आले, कोणतेही. विचारल्याची ती साक्ष निकालात त्याच्या उपयोगी पडली.

मालकांनी एक वेगळीच कल्पना मांडली होती: फसव्या इंग्रजी शब्दांची यादी करून कार्यालयाच्या भिंतीवर लावायची. मी तिला विरोध केला. 'रन' आता या कारखान्यात कोणालाच फसवणार नाही. पुढच्या वेळी 'फिनिश' असेल, 'सेट' असेल, बाण्याच्या धाग्यालाही आणि माल उचलण्यालाही चालणारा 'पिक' असेल, किंवा 'फास्ट' असेल, जो सोलापूरच्या बाजारात रंगाला लावला की पक्का आणि गाडीला लावला की वेगवान. यादी लावली की यादीत नसलेला शब्द निर्धोक वाटू लागतो. तरीही यादी लागली आहे, आणि तिच्यात सध्या बाराएक शब्द आहेत. मॅडम म्हणतात की नव्या मुलांना निदान शंका घ्यायची सवय लागते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे मला आता ठामपणे म्हणवत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. जादा सोपिंगसाठी पाणी, वाफ आणि वेळ लागतो, आणि रंगाई कारखान्याने गडद छटांसाठी किलोमागे वाढीव दर मागितला आहे. तो कारखान्याने सोसावा की खरेदीदाराच्या किमतीत धरावा, यावर बोलणी चालू आहेत. तोपर्यंत किनारीला गडद आणि अंगाला पांढरा अशा मालापुरताच वाढीव दर कारखाना देतो, आणि बाकीच्या गडद सुताला नेहमीचा एकच साबण मारला जातो.